कमळीची खातेफोड

तेविसाव्या वर्षी मी एका दहाव्याला बाभळीमागे लपून कावळ्याचा आवाज काढला होता. हे कागदावर उतरवायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली. मी किती धीट आहे ते यावरूनच ओळखा.

तेव्हा मी दापोली सोडून इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावात शाळेवर रुजू झाले होते. दोन वेण्या, विज्ञानाची पदवी आणि भेटेल त्याला अक्कल शिकवायची खुमखुमी, एवढंच सामान. खाली धरण बांधून झालं होतं, पाणी चढत होतं, वर्षभरात गाव उठणार होतं. त्या गडबडीत माझी मैत्रीण कमळ हिची सासू वारली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे बसलेले, पण खाली एकही उतरेना. मंडळी हात जोडून म्हातारीला विचारू लागली, तुझा जीव कशात अडकलाय? म्हैस विकणार नाही. देवाला वर्षाला नारळ देऊ. कावळे ढिम्म. शेवटी कुणीतरी म्हणालं, "पाण्यात जानाऱ्या काळीच्या बदल्यात जी जमीन मिळंल ती थोरल्याला, आन् वरचा माळ धाकट्याला. पटतंय का?"

बाभळीमागच्या विज्ञानशिक्षिकेला उन्हाचा कंटाळा आला होता. तिनं तोंडाशी हात धरला आणि "काव!" म्हणून आवाज काढला. एकदाच. दुसऱ्यांदा काढणार होते, पण हसू फुटलं आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

माणसं जागच्या जागी थिजली. थोरल्यानं वाकून मातीला हात लावला आणि वाटणी झाली. माळ धाकट्याला, म्हणजे कमळीच्या नवऱ्याला. माळ म्हणजे नुसता खडक, बोरं आणि सरडे.

संध्याकाळी मी कमळीला सगळं सांगितलं. तिनं दोन्ही तळव्यांनी चेहरा वरून खाली पुसला. काही बोलायच्या आधी ती नेहमी असं करायची, जणू पाटी कोरी करतेय. मग म्हणाली, "कोकणी, तू माझ्या नवऱ्याच्या पदरात दगड टाकलास." आणि पोट धरधरून हसली.

पुढे पाणी चढत चढत त्या माळाच्या पायथ्याशी येऊन थांबलं. कमळीच्या नवऱ्यानं, म्हणजे आबांनी, पाइप टाकले, खडक फोडला, डाळिंब लावलं, ऊस लावला. मी दापोलीला परतले आणि माझा गुन्हा मला सोयीस्करपणे विसरता आला, तो या वैशाखापर्यंत.

सोमवार, बारामती

पुण्याहून निघालेली एसटी मोरगावला दहा मिनिटं थांबली. मी उतरून देवळापाशी गेले. बाहेरच्या दगडी उंदरापाशी एक म्हातारी काहीतरी पुटपुटत उभी होती. तिचं झाल्यावर मीही वाकले आणि उंदराच्या कानात म्हणाले, "सही होऊ दे." भर दुपारच्या उन्हात सगळा दगड तापलेला होता. कान तेवढा गार लागला. सावलीत असेल, असं म्हणून मी गाडीत येऊन बसले. सावली कुठेच नव्हती हे गाडी हलल्यावर लक्षात आलं.

कसली सही, ते सांगते. माझी नात मुक्ता बारामतीत एका कॉलेजाच्या मागच्या इमारतीत कॅन्सरवर संशोधन करते. महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला, "आजी, निधी अडकलाय." आमच्या शेजारी निधी नावाची मुलगी आहे, जिन्यात अडकायची तिला सवय आहे. मी म्हटलं, "अडकलाय काय, अडकलीय म्हण. आणि तुला तिथे कसं कळलं?" पलीकडे मोठा उसासा ऐकू आला.

मुक्ताच्या खोलीवर हुलग्याची शेंगोळी समोर ठेवून तिनं मला ते सगळं नीट सांगितलं. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या, आमच्या भाषेत कुळथाच्या, पिठाची वळलेली वेटोळी, तिखटजाळ रश्श्यात. आमच्याकडे कुळथाचं पिठीशिवाय काही होऊ शकतं हे माहीतच नाही. नाकातून पाणी गाळत मी ऐकत होते.

"साध्या उंदराला माणसाची गाठ लावली आणि औषध दिलं, की गाठ विरघळते. आपण पेढे वाटतो. तेच औषध माणसाला दिलं की ढिम्म. कारण उंदराच्या अंगात लढणारे शिपाई उंदराचे असतात. माणसाचे नसतात."

"मग?"

"मग आम्ही असे उंदीर घेतो, ज्यांच्या अंगात स्वतःचे शिपाईच नाहीत. त्यांच्यात माणसाच्या हाडाच्या मगजातल्या मूळ पेशी सोडतो. काही महिन्यांत त्या उंदराच्या रक्तात माणसाचे शिपाई फिरायला लागतात. त्यात त्याच माणसाची गाठ लावायची. त्या माणसाच्या अंगात जे झालं, ते उंदरात पुन्हा होतं."

"पुन्हा?"

"पुन्हा पुन्हा," ती म्हणाली, आणि शेंगोळीचं एक वेटोळं चमच्यानं तोडलं.

ते माणूस म्हणजे कमळ. दोन वर्षांपूर्वी ती स्तनाच्या कॅन्सरनं गेली. जाण्याआधी तिनं आपली गाठ आणि मगज दोन्ही मुक्ताच्या प्रयोगशाळेला दिलं होतं. दोन्ही दिलेली ती एकटीच. तिच्यावाचून या कामात काही उरत नव्हतं. आणि आता कुठे, नव्या औषधानंतर, काही उंदरांत कमळीच्या पेशी गाठीशी भांडायला लागल्या होत्या. उशिरा, पण भांडत होत्या.

नेमका तेव्हाच जुना निधी संपला. असे उंदीर, त्यांची निर्जंतुक खोली, सगळंच महाग. साध्या उंदरांवर भागतंय तर हे कशाला, असं म्हणणारेच जास्त. नवा निधी देणारी समिती शुक्रवारी बारामतीला येणार होती. त्यांची अट अशी, की या पेशी दुसऱ्या प्रयोगशाळांनाही द्यायच्या. कमळीची संमती पहिल्या कामापुरतीच होती, म्हणून वारसाची नवी सही हवी. वारस म्हणजे आबा. मुक्तानं त्यांना पत्र पाठवलं. मग आबांनी तिचे तीन फोन घेतले, "इचार करतो" म्हणाले, आणि चौथ्यापासून फोन उचलणं बंद केलं.

"सही नाही मिळाली तर?"

"तर सगळं थांबवायचं. उंदीरही. टाकीत गोठवलेलं आहे तेही."

मी म्हटलं, मी जाते. माझी नात आहे म्हणून जातेय हे मी स्वतःपासून लपवलं नाही. आबांपासूनही लपवणार नव्हते.

मंगळवार, काचेपलीकडे

जायच्या आधी मला ते उंदीर बघायचे होते. जे बघितलं नाही ते आबांना काय सांगणार? मुक्तानं मला टोपी, मास्क, पायांत पिशव्या असा सगळा पोशाख चढवला. आरशात बघितलं तर मी इडली दिसत होते.

खोलीत जायची परवानगी नव्हती, काचेबाहेरून बघायचं. आत लाल दिवा. उंदरांना लाल उजेड कळत नाही, त्यांना वाटतं अंधारच आहे. म्हणजे आपण त्यांना बघतो आणि त्यांना वाटतं कुणी बघत नाही. आतून हवेचा एकसुरी घुं-घुं आवाज येत होता. फळ्यांवर ओळीनं पारदर्शक पेट्या, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी.

उंदरांची देखभाल रामभाऊ करतात. माळेगावचे, आधी साखर कारखान्यात होते. ते काचेपलीकडे पेट्या पुसत होते. ते बाहेर येऊन हातमोजे काढत होते तेव्हा मी विचारलं, "यातले कमळीचे कुठले?"

रामभाऊंनी पटकन मागे वळून बघितलं. "बाई, हितं नाव घ्यायचं न्हाय. आमी नंबरच घेतो."

"का? ऐकतात की काय?"

"ऐकत्यात का न्हाय ठावं न्हाय. पन नाव घेतलं की मारताना हात जड हुतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "वरून दुसरी फळी. डावीकडच्या सात पेट्या. चौदा हायेत."

मी काचेला नाक लावलं. पांढरेशुभ्र उंदीर, डोळे डाळिंबाच्या दाण्यांसारखे. दोन झोपलेले, एक भुसा उकरतोय. मुक्ता मागे रामभाऊंशी बोलत होती. मी अगदी हळू, मास्कच्या आत, म्हटलं, "कमळे."

काच जाड होती. आवाज जाणं शक्य नव्हतं. पण भुसा उकरणारा थांबला. मागच्या पायांवर उभा राहिला. आणि पुढच्या दोन्ही पंजांनी त्यानं तोंड वरून खाली पुसलं. मग शेजारच्या पेटीतला उभा राहिला, त्यानंही पुसलं. मग तिसरा.

मी काचेवरून नाक काढलं.

"उंदीर तोंड धूतच असतात, आजी," मुक्ता म्हणाली. "दिवसभर."

"हो का?" मी म्हटलं. "मग आता का थांबले?"

ते सगळे थांबले होते. काचेकडे तोंड करून बसले होते, बोलणं ऐकायला बसतात तसे.

बुधवार, इंदापूरकडे

बारामतीहून इंदापूरला जाताना जंक्शन नावाचं गाव लागतं. मला तिथे रूळ काही दिसला नाही. तेविसाव्या वर्षी मी त्या गावाला उतरून गाडी कुठल्या फलाटावर लागते म्हणून विचारलं होतं, हे आता सांगून टाकलेलं बरं. पानपट्टीवाल्यानं गंभीर चेहऱ्यानं "दोन नंबर" म्हणून सांगितलं, आणि मी अर्धा तास दोन नंबर शोधला.

इंदापूरहून रिक्षानं पाण्याकडे. दोन्हीकडे ऊस, मध्येच माळ, आणि एकदम समोर धरणाचं उतरलेलं पाणी, लांब, पत्र्यासारखं चमकणारं. आबांच्या दारात उतरले तेव्हा पहिल्यांदा मला दिसला तो उंदीर. उंबऱ्यावर बसला होता, मला बघून हलला नाही. दुसरा ओसरीवरच्या धान्याच्या पोत्यावर. तिसरा, चौथा मोजायचं मी सोडून दिलं.

आबांची सून शोभा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पहिलं वाक्य हेच बोलली, "बाई, सही होऊ दे न्हायतर न्हाय. पन मला पिंजरा लावायची परवानगी तेवढी काढून द्या."

"म्हणजे?"

"पत्र आल्यापासनं आबा घरातला एक उंदीर मारू देत न्हायीत. लुगडी कुरतडली, बियानं खाल्लं. भाकरीचं टोपलं मी छताला टांगलंय, तर दोरीवरनं उतरत्यात. काय बोललं की म्हनत्यात, बघून मार गं, कोन आसंल काय ठावं."

ती रडवेली झाली होती. पण मला हसूही येत होतं आणि त्याच वेळी पाय वर घेऊन बसावंसं वाटत होतं.

जेवायला चिलापीचा रस्सा होता, धरणातली. आमच्या समुद्राच्या माशांपुढे मी गोड्या पाण्यातल्याला मासा म्हणत नाही, पण दोन वाट्या ओरपल्यावर हा हट्ट मी मागे घेतला. आबा शेजारी बसून जेवत होते. पंचाहत्तरी आली, कान शाबूत, दात गेलेले. प्रत्येक भाकरीचा काठ ते मोडून पानाबाहेर ठेवत होते. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. उत्तर पोत्यामागून येऊन काठ घेऊन गेलं.

हात धुतल्यावर ते ओसरीवर आले.

"नातीसाठी आलाय न्हवं, बाई?"

"हो. आणि कमळीसाठीही."

त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. घड्यांवर कागद फाटत आला होता. "हे आलं. 'कै. कमल यांच्या पेशी अद्याप जिवंत आहेत.' म्या म्हनलं, मेलेल्या मानसाची पेशी कुठल्या कोर्टात चालू हाय? वकिलाकडं गेलो. त्यो वाचून म्हनला, आबा, ही कोर्टाची पेशी न्हाय. अंगातली पेशी. तुमची मंडळी थोडी बारामतीत हायेत."

ओसरीखाली काहीतरी खुडबुडलं. आबा ते थांबेपर्यंत गप्प राहिले.

"तिच्या दहाव्याला कावळा शिवला न्हाय, ठावं हाय का तुमाला? दुपारपतोर बसलो. सगळं कबूल केलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. दोन वर्सं वाटायचं, माज्यावर रागावली आसंल. पत्र आल्यावर उजेड पडला. शिवंल कसा? ती सगळी गेलीच न्हाय. अर्धी जाळली म्या, अर्धी मागंच ऱ्हायली."

मी बी.एस्सी. आहे. मला या बोलण्यातली चूक दाखवता यायला हवी होती. मी शोधत होते.

"किती उंदीर हायेत?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"त्यात कमळी कोंची?"

"सगळ्यांत थोडी थोडी."

"म्हंजी खातेफोड झाली तिची." एका नावावरची जमीन तोडून वेगवेगळ्या नावांची खाती करतात, तलाठ्याकडे त्याला हा शब्द आहे. "आन् उरलेली?"

"टाकीत. गाईंच्या डॉक्टरकडे धूर येणारी टाकी असते बघा..."

"बैलाचं बी ठेवत्यात ती?"

"तसलीच."

आबांच्या बोळक्या तोंडावर हसू फुटायला आलं आणि विझलं. "तिला कळलं आसतं तर डॉक्टरला झाडूनं बडवला आसता."

"तिला कळलं होतं, आबा. तिनंच दिलं. मुक्ताला म्हणाली, घे गं बाई, न्हायतरी जाळायचंच हाय. पन आमच्या ह्यांस्नी सांगू नगंस, ते रडत बसत्यात."

आबा रडत बसले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घालून ती खिशात ठेवली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला वाटेत भीती वाटत होती.

"ते दुखनं उंदराला बी हुतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "होतं," मी म्हटलं. "कमी व्हावं म्हणून बघतात. आणि शेवटी मारतातच."

"म्हंजी ती चौदादा मरनार."

मी पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

"तुमी बगितलं न्हवं त्यास्नी? काय करत व्हते?"

यावर मला काहीच बोलायचं नव्हतं. बोलले तर ते बाभळीमागून काव करण्यासारखंच झालं असतं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि जे पाहिलं ते पाहिलं होतं.

"तोंड पुसत होते."

आबा उठले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. "उद्या तिची तिथी हाय," पाठ करूनच ते म्हणाले. "जुन्या जागी पान ठेवतो. कावळा शिवला तर ती सुटली, मग उंदरात काय ऱ्हात न्हाय, मी सही करतो. न्हाय शिवला तर ती अडकलीया. मग तुमच्या नातीला सांगा, सगळे मारून टाका आन् तिला सोडवा."

गुरुवार, पाण्याखालचं गाव

वैशाखात धरणाचं पाणी इतकं उतरतं की जुनं गाव वर येतं. गाव म्हणजे जोती, उंबरे, आणि दूर पाण्यात कमरेपर्यंत उभं असलेलं दगडी देऊळ. कळसावर शेवाळ वाळून पांढरं पडलेलं. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही तिघं चालत होतो. आबा पुढे, शोभा पान घेऊन मध्ये, मी छत्री घेऊन मागे. सकाळचे दहा वाजले होते आणि आवाज कसलाच नव्हता. लांब पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, तोही गप्प.

"ही पेठ," आबा सांगत होते. "हे सुताराचं. पाय जपून, आड हाय." कुणी भेटलं की रामराम करावा तसा ते एकेका जोत्याला हात लावत होते. एका जोत्याशी थांबले. "ही तुमची शाळा, बाई."

मी माझ्या वर्गात उभी होते. वर आभाळ, खाली शिंपले. फळ्याच्या भिंतीचा जो तुकडा उभा होता त्यातला खिळा गंजून तांबडा ठिपका उरला होता. इतकी वर्षं हा वर्ग पाण्याखाली भरत होता, असा एक वेडा विचार माझ्या मनात आला, आणि मी हजेरी न घेताच बाहेर पडले.

पुढे नदीचा जुना काठ. आणि काठावर ती बाभूळ. झाड केव्हाच मेलं होतं. काळं खोड आणि दोन फांद्या पाण्यानं घासून गुळगुळीत झालेल्या. त्या फांद्यांवर सहा कावळे बसले होते.

शोभानं गाळावर पान मांडलं. भात, वडे, डाळिंबाचे दाणे. आमच्याकडे पितरांना वाडी दाखवताना दह्याचा थेंब लागतो, इथे ठेच्याचा ठिपका होता. कमळीला तोच आवडायचा. आबांनी हात जोडले. कावळे बघत होते, हलत नव्हते.

"कमळे," आबा म्हणाले, "डाळिंब विकत न्हाय."

काही नाही.

"शोभीला बोलत न्हाय."

शोभानं वर बघितलं. कावळ्यांनी नाही.

"थोरल्या दादाच्या पोरास्नी दिवाळीला बोलावतो."

ऊन चढत होतं. अर्धा तास झाला, तास झाला. आबांनी जोडलेले हात सोडले नाहीत. मला दिसत होतं ते असं : कावळा आला नाही तर उद्या मुक्ताची लाल खोली रिकामी. कुठल्या तरी दुसऱ्या कमळीसाठी जे औषध निघालं असतं ते निघणार नाही. आणि हा म्हातारा असा समजून मरणार की आपण बायकोला सोडवलं.

आणि बाभूळ माझ्यापासून चार पावलांवर होती. आबांची पाठ माझ्याकडे. खरं सांगते, मी त्या खोडामागे गेले. पाय आपोआप गेले. हात तोंडाशी गेला. सत्तर वर्षांची बाई, चष्मा, छत्री, गुडघ्याला पट्टा, आणि ओठ गोल. ती दोन वेण्यांची मुलगी माझ्या आतून मला ढोसत होती, काढ ना, एकदा काढ. सगळ्यांचं भलं होईल.

मी हात खाली घेतला आणि पुढे आले.

"आबा, कावळ्यावर जाऊ नका."

ते वळले. शोभाही वळली.

"सासूबाईंच्या दहाव्याला इथे जो कावळा ओरडला, तो कावळा नव्हता. मी होते. या झाडामागे. एकदाच ओरडले. तुमची वाटणी मी केली, आबा, गंमत म्हणून. आजही मी तेच करू शकले असते. म्हणून सांगते, कावळ्याला विचारू नका. तुम्हाला काय वाटतं ते करा. नको वाटलं तर नको म्हणा, मी मुक्ताला सांगेन."

आबा माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना. ते तोंड उघडणार, तेवढ्यात शोभा किंचाळली.

"आबा, पान बगा!"

पानातला भात अर्धा नाहीसा झाला होता. ठेचा पुसून घेतला होता. डाळिंबाचे दाणे चिखलात विखुरलेले. त्या दोघांची पाठ पानाकडे होती आणि मला त्यांच्याआड पान दिसत नव्हतं, पण किती वेळ, दोन मिनिटं? वर फांद्यांवर कावळे जसेच्या तसे बसले होते. सहाच्या सहा.

शोभा वाकली. पानाच्या कडेला पाणी सांडून गाळ ओला झाला होता, आणि त्यावर बारीक पावलं उमटली होती. कावळ्याची तीन बोटं नव्हे. चिमुकली, नाजूक, दोन दोन. गाळाच्या भेगेतून आलेली आणि भेगेत गेलेली.

मी छत्रीच्या टोकानं भेग चाचपली. टोक कशालाच लागलं नाही.

"शिवली," आबा म्हणाले.

मग ते मटकन खाली बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बगा की. मला इचारू बी दिलं न्हाय. जलमभर कंदी माजं वाक्य पुरं हू दिलं न्हाय हिनं." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ती भांडती म्हनत व्हती तुमची नात. खरंच भांडती का अजून?"

"उशिरा," मी म्हटलं. "पण भांडते."

"मग भांडू दे. पन तिचं भांडान चालू हाय आन् आपल्याला पत्ता न्हाय, आसं नगं. आना तो कागद."

शोभाच्या डब्याचं झाकण पालथं घालून त्यांनी त्यावर सही केली, लांबलचक, दातेरी. मग पेन परत न देता समासात, छापील ओळींच्या बाहेर, स्वतःच्या अक्षरात लिहिलं : उंदीर गेला की तारीख कळवावी.

"याला रकाना नाही छापलेला," मी म्हटलं.

"आता झाला," आबा म्हणाले.

परत येताना शोभा माझ्या कानाशी लागली, "पिंजऱ्याचं इचारा की." मी विचारलं. आबांनी चालता चालता एका जोत्याला हात लावला. "घरात लाव," म्हणाले. "पन हितनं पुढं खाली, पान्याकडं न्हाय."

परत आल्यावर

दापोलीला आल्यावर चार दिवसांनी मुक्ताचा फोन आला. निधी मंजूर झाला, एका वर्षापुरता. समितीतल्या एक बाई समासातल्या त्या ओळीवर अडकल्या होत्या. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मुक्ता सांगायला लागली, तोवर मागे उभे असलेले रामभाऊ म्हणाले, "ते माजं काम हाय, मॅडम." बाईंनी पुढे काही विचारलं नाही. वर्षभर पुरतील एवढी पोस्टकार्डं रामभाऊंनी आणून ठेवलीत.

पहिलं पोस्टकार्ड गेलं, त्यावर नंबर आणि तारीख, बाकी काही नाही. आबांनी त्या दिवशी पाण्याकाठी घास ठेवला. हे मला शोभानं सांगितलं. घास कुणी नेला ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट मला खात होती. त्या दिवशी गाळावर मी एवढी मोठी कबुली दिली आणि त्यावर आबा एक शब्द बोलले नव्हते. शेवटी मीच फोन लावला. आधी डाळिंबाचं झालं, मग ऊन. मग मी म्हटलं, "आबा, ते बाभळीमागचं. तुम्ही रागावलात का?"

मग आबा म्हणाले :

"राग कशाचा, बाई? कमळीनं मला त्याच दिवशी सांगितलं व्हतं, कावळा ती कोकणी व्हती म्हनून. तवापासनं एकच इचारायचं ऱ्हायलंय. तुमी एकदाच वरडला म्हनता. आमी सगळ्यांनी दोनदा ऐकलं व्हतं."